चौतिसाव्या पानाच्या तळाशी

आजही एखाद्या पुस्तकात पानोपानी तळाशी कुणाचं 'सौजन्य' दिसलं की माझं डोकं फिरतं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी कोल्हापुरात एका छापखान्यात डीटीपी करायचे. लग्नपत्रिका, अहवाल आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे गौरव अंक. गौरव अंकात साहेबांचं नाव प्रत्येक पानावर लागायचं. त्यासाठी कॉम्प्युटरवर मास्टर पेज असायचं. तिथे एकदा ओळ टाकली की शंभर पानं असोत की पाचशे, सगळ्यांच्या तळाशी ती आपोआप उमटायची. मला या सोयीचं फार कौतुक होतं. मूर्ख होते.

माझे वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डर होते. साच्यात माती दाबून दाबून घट्टे पडलेल्या हाताने, निवृत्तीनंतर, त्यांनी दोन फुलस्केप वह्या भरून स्वतःची हकिकत लिहिली. ते पुस्तक मीच लावायला घेतलं. कागद द्यायला आमच्या गावचा एक पुढारी तयार झाला. त्याला आमच्या वस्तीतली मतं हवी होती, हे काय कळत नव्हतं? अट एकच, नाव छापायचं.

मला वाटलं, आभाराच्या पानावर छापू. छापखान्याच्या मालकांनी परस्पर ठरवून टाकलं, प्रत्येक पानावर. 'सौजन्य' आणि पुढे साहेबांचं पूर्ण नाव, मधल्या बापाच्या नावासकट. मी भांडले. हे माझ्या वडिलांचं पुस्तक आहे, साहेबांचा गौरव अंक नाही, असं तोंडावर सांगितलं.

"अगं, खाली कोण बघतंय?" मालक म्हणाले. "मास्टरवर टाक, मिन्टाचं काम हाय."

मिनिटही लागलं नाही. माझ्याच बोटांनी मी ती ओळ टाकली, याचा राग अजून गेलेला नाही.

मग पानं तपासताना चौतिसाव्या पानावर हात थांबला. वडील तिसरीत पहिले आले तेव्हाची गोष्ट होती. बक्षीस म्हणून दगडी पाटी. बाकीच्या मुलांना समारंभाच्या पाहुण्यांनी बक्षीस हातात दिलं. आमचं घर नुकतंच बौद्ध झालेलं, पण गावाच्या लेखी काही बदललं नव्हतं. वडिलांची पाळी आली तेव्हा शिवाशिव नको म्हणून पाहुण्यांनी पाटी वरूनच सोडली. ती फरशीवर पडून फुटली. त्यातल्या मोठ्या तुकड्यावर वडिलांनी वर्षभर अभ्यास केला.

पाहुणे कोण, ते वडिलांनी लिहिलं नव्हतं. नुसतं 'गावातील एक प्रतिष्ठित गृहस्थ'. पण घरात ऐकून मला ठाऊक होतं. तो या पुढाऱ्याचा बाप. आणि त्याच पानाच्या तळाशी, सौजन्य! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

प्रूफ घेऊन तशीच घरी गेले. "एवढ्या पानावरचं तरी मी काढणारच," वडिलांना म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला. पान वाचलं, तळाची ओळ वाचली, मधल्या नावावर बोट ठेवलं.

"मी भ्यालो हुतो गं. म्हणून नाव लिवलं न्हाय," ते म्हणाले. "हितं ते आपसूक आलंय. ह्या पानावर ऱ्हाऊ दे. बाकीच्या समद्या पानांवरनं काढ."

दुसऱ्या दिवशी मास्टर पेजवरची ओळ पुसली. सगळ्या पानांवरून ती एका दमात गेली. मग चौतिसाव्या पानावर तीच ओळ मी हाताने टाइप केली, एकेक अक्षर बघत. मालकांनी तळाकडे पाहिलंच नाही. खाली कोण बघतंय?

पुस्तकं आली त्याच आठवड्यात पुढाऱ्याचा कार्यकर्ता तणतणत आमच्या दारात. "सायबांचं नाव कुठाय? कागद फुकट दिला व्हय?"

"छापलंय की, पावणं," वडील म्हणाले. "पान चौतीस. मोठ्यानं वाचा."

तो उभ्याउभ्याच वाचू लागला. पाटी फुटली तिथे त्याची नजर तळाच्या ओळीवर गेली आणि तो पुस्तक मिटू लागला. वडिलांनी ते त्याच्या हातातून घेतलं आणि तळाची ओळ स्वतः वाचून दाखवली, गल्लीला ऐकू जाईल अशी, मधल्या नावासकट.