दुसरी खुंटी

काकांना सगळी इमारत मागून ‘स्वारी’ म्हणायची. शिवणयंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ते मेकॅनिक होते आणि एकतीस वर्षं या गावाहून त्या गावी फिरून कारखान्यांतली यंत्रं दुरुस्त करत होते. पंधरवड्यातून दोन दिवस घरी, बाकी सगळा दौरा. जिन्यात काकू भेटल्या की शेजारीण विचारायची, “स्वारी कुठं आहे सध्या?” काकू म्हणायच्या, “मला काय विचारता? कंपनीला विचारा.” म्हणायच्या हसत, पण ते हसू काही पोटातून आलेलं नसायचं.

त्याचं कारण होतं. आपण इथं मुलाचा ताप, नळाची गळती आणि सासूबाईंचं पथ्य सांभाळतोय, आणि स्वारी तिकडे लॉजवर कुणीतरी धुतलेली आयती चादर पांघरून आडवी झाली आहे, असं चित्र काकूंच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. फोनवर विचारावं, तर काकांचं एकच उत्तर. “मजेत आहे.” त्या ‘मजेत’ची काकूंना चीड यायची.

काका निवृत्त झाले त्याच वर्षी काकूंची मावशी गेली आणि तळ्याकाठच्या गावातला तिचा फ्लॅट काकूंच्या नावावर झाला. तिसरा मजला, दोन खोल्या, लिफ्ट नाही, खिडकीतून तळ्याचा एक तुकडा दिसतो. आई लहानपणीच गेल्यामुळे काकू याच घरात, मावशीच्या हाताखाली वाढल्या होत्या. पण मुलगा पडला व्यवहारी. तो म्हणाला, “आई, बंद घर म्हणजे पांढरा हत्ती. खालचे दातांचे डॉक्टर मागतायत, देऊन टाकू.” काकूंचा पडलेला चेहरा बघून तो थोडा नरमला. यंदाचा सीझन फ्लॅट सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने देऊन बघू, लोक आले आणि खूश होऊन गेले तर घर ठेवू, नाहीतर डॉक्टरांना देऊ, असं ठरलं.

सजावट सुनेने अंगावर घेतली. पोरगी हौशी, आणि तिला नजरही आहे. निळे पडदे, भिंतीवर होडीचं चित्र, खिडकीशी वेताच्या दोन नाजूक खुर्च्या, पलंगावर सात उशा. फोटो असे आले की आपलंच घर पाहायला काकूंचे पाय शिवशिवले. काकांनी फोटो पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि विचारलं, “सुरेख आहे. पण झोपताना या सात उशा ठेवायच्या कुठं?”

सून ओशाळून हसली. मग म्हणाली, “बाबा, तुम्हीच जाऊन बघा ना एकदा. परक्या खोल्यांत तुमच्याएवढं आपल्या घरात कुणीच झोपलेलं नाही.”

काका गेले ते आपली जुनी बॅग घेऊन. या बॅगेबद्दल सांगायलाच हवं. लॉजच्या खोल्यांत काय काय नसतं ते सगळं त्या बॅगेत होतं. वाचता येईल असा एक बल्ब, कारण लॉजवाले दिवा लावतात तो अंधार दिसावा म्हणून. दाराला अडकवायची एक खुंटी. बेसिनचं रबरी बूच. खिडकी वाऱ्याने खडखडू नये म्हणून लाकडी पाचर. पडद्याची फट मिटवायला कपड्यांचे चिमटे. आणि यंत्रात घालायच्या तेलाची कुपी, कारण कुरकुरणारं दार काकांना सहन होत नाही. संध्याकाळी खोलीत शिरलं की बल्ब बदलायचा, खुंटी अडकवायची, दाराला तेल द्यायचं. सकाळी सगळं काढून पुन्हा बॅगेत. तेल तेवढं मागे राहायचं.

फ्लॅटवर त्यांनी आधी काहीच विकत आणलं नाही. दारातून आत आले, बॅग खाली ठेवली आणि स्वतःलाच विचारलं, आता मी दमून आलोय, मला पहिल्यांदा काय लागेल? ओल्या हाताने टॉवेल शोधला. डोळे मिटून पलंगावर पडले आणि बटणाकडे हात नेला, तर बटण दाराजवळ. मग कामाला लागले. उशाशी दिवा आणला. न्हाणीघराच्या दारामागे खुंटी ठोकली. गीझरचं बटण कुठलं, पंख्याचं कुठलं, हे ठसठशीत अक्षरांत लिहून चिकटवलं. पडद्यांची शिवण उसवून, आतून जाड कापड लावून पुन्हा शिवली, ती अशी की सून टाका शोधत बसली. वेताच्या खुर्च्यांवर बसून पाठ धरली, म्हणून त्या काढून एक भक्कम हातांची खुर्ची आणली, तिच्या कोपराशी चहाचा कप ठेवण्यापुरतं टेबल. पलंग भिंतीला लावला. “पाठीला भिंत असली की परक्या जागी झोप लागते,” त्यांनी सुनेला समजावलं. बॅगेतली एकेक वस्तू फ्लॅटमध्ये राहिली आणि बॅग रिकामी झाली.

सून रोज फोनवर काकूंना सगळं सांगायची आणि काकू खूश व्हायच्या. त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारलेला, त्यामुळे तीन जिने चढून बघायला काही त्या गेल्या नव्हत्या. पण माणसाचं कौतुक दुरूनही करता येतं, आणि इतक्या वर्षांत त्यांना त्याची सवयच झाली होती.

पहिल्या महिन्यात परीक्षा घ्यायला आलेल्या एक बाई राहिल्या, मग पक्षी बघायला आलेले एक मास्तर. दोघांनी अ‍ॅपवर तोंडभरून कौतुक लिहिलं. बाईंनी तर लिहिलं, “इथं मला कुणाला काही विचारावंच लागलं नाही.” काकांनी ते वाक्य तीनदा वाचून घेतलं.

मग सुट्ट्या लागल्या आणि जोडपी येऊ लागली. पहिलं जोडपं तीन दिवसांसाठी आलं आणि एका दिवसात गेलं. त्यांनी लिहिलं, “घर स्वच्छ, सोयी उत्तम. पण दोघांसाठी नाही.” दुसऱ्या जोडप्यानेही थोड्याफार फरकाने तेच लिहिलं. ते वाचून पुढच्या दोघांनी बुकिंग रद्द केलं. मुलगा म्हणाला, “बाबा, आपण प्रयत्न केला. डॉक्टरांना रविवारी बोलावतो.”

काका त्या दिवशी जेवले नाहीत. “एवढा मोठा पलंग आहे. दोघांसाठी नाही म्हणजे काय?” असं स्वतःशीच पुटपुटत राहिले. आयुष्यात कुणी त्यांच्या कामाला नाव ठेवलं नव्हतं. काकूंनी गुडघ्यांना पट्टे बांधले आणि म्हणाल्या, “चला. मला दाखवा.”

दर मजल्यावर थांबत त्या वर पोहोचल्या. दार आवाज न करता उघडलं. आतलं सगळं इतकं हाताशी होतं की काकूंना कौतुकाने भरून आलं. त्यांनी पर्स अडकवायला हात वर केला. खुंटीवर काकांनी आपला कोट आधीच लावला होता. दुसरी खुंटी नव्हती. त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या. काका उभे राहिले, कारण दुसरी खुर्ची नव्हती. मग त्या पलंगाकडे गेल्या. दिवा एका बाजूला होता, दुसरी बाजू भिंतीला टेकलेली. आत झोपणाऱ्याला उठायचं तर बाहेरच्याला ओलांडून उठायचं.

काकूंनी त्या भिंतीला हात टेकला. एकतीस वर्षांच्या सगळ्या खोल्या त्यांना एकदम दिसल्या. आयती चादर होती, पण खुर्ची एक होती, कप एक होता, आणि बोलायला भिंत.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तुम्ही हे घर एकट्या माणसासाठी लावलंय.”

काकांनी खोलीभर नजर फिरवली. खुंटी, खुर्ची, दिवा. कळलं तसे ते पलंगाच्या कडेवर बसले.

“मला दुसरं येतच नाही गं.”

“आणि फोनवर मजेत आहे, मजेत आहे म्हणायचात ते?”

“मग काय सांगणार? तू तिकडे एकटी सगळं ओढत होतीस.”

“मी जळत होते तुमच्यावर,” काकू म्हणाल्या. “एकतीस वर्षं जळले. फुकट!” आणि त्यांना रडू आलं, आणि रडता रडता हसूही आलं, कारण एवढा राग वाया गेल्याचं दुःखही काही कमी नव्हतं.

मग काकूंनी डोळे पुसले आणि हुकूम सोडला. “पलंग ओढा अलीकडे.” काकांनी ओढला. “मी झोपते या बाजूला.” काकू झोपल्या, डोळे मिटले आणि दिव्यासाठी हात वर नेला. जिथं त्यांची बोटं भिंतीला लागली, तिथं काकांनी पेन्सिलने खूण केली. दुसरा दिवा बरोब्बर त्या खुणेवर बसला. दुसरी खुंटी काकूंच्या हाताच्या उंचीवर लागली. दुसरी खुर्ची मात्र काकूंनी विकत आणू दिली नाही. घरून आपली आणवली. फोनशेजारी ठेवलेली ती खुर्ची, जिच्यावर बसून त्यांनी वर्षानुवर्षं ‘मजेत आहे’ ऐकलं होतं.

रविवारी डॉक्टर आले तेव्हा काकूंनी मुलाच्या आधी तोंड उघडलं आणि सीझन संपेपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. सून नवे फोटो काढून मोकळी झाली होती. पुढच्या जोडप्याने एक दिवस वाढवून घेतला. त्यानंतरचे पुढच्या वर्षाचं बुकिंग करून गेले. सीझन संपला तसे डॉक्टर स्वतःच म्हणाले, “आता नाही मागत. माझ्या बहिणीला सुट्टीत राहायला तारीख मिळेल का, तेवढं बघा.”

त्यानंतर एके दिवशी मुलाचा फोन आला. तो गोंधळलेला होता. “बाबा, अ‍ॅपवर शनिवारचं बुकिंग तुमच्या नावाने दिसतंय. दोन माणसं. अहो, आपलंच घर आहे, बुकिंग कशाला?”

“दुसऱ्याची खोली असते ती,” काका म्हणाले. “न कळवता जायची मला सवय नाही.”

शनिवारी दुपारी दोघं निघाले. बॅग तीच, पण आत फक्त कपडे, दोघांचे. काका बाहेर आले, काकू बाहेर आल्या, आणि काका कुलूप लावायला लागले. किल्ली फिरेना. हजारो यंत्रं उघडून बसवलेला माणूस आपल्याच दारापुढे घामाघूम झाला. दौऱ्यावर निघताना त्यांच्यामागे काकू आतून कडी लावायच्या, आणि निवृत्तीनंतर कुठं जायचं झालं तरी किल्ली काकूंकडेच. हे दार बाहेरून बंद करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

“थोडं उचलून धरा,” काकू म्हणाल्या, “आणि आपल्याकडे ओढा.”

दार मोठ्याने कुरकुरलं; बाहेरून ओढलं तरच ते कुरकुरायचं. काका थबकले. “हे किती दिवस असं कुरकुरतंय?”

“तुम्ही पहिल्या दौऱ्यावर गेलात तेव्हापासून.”

काकांचा हात सवयीने तेलाच्या कुपीसाठी बॅगेत गेला. कुपी फ्लॅटमध्ये होती. “गावोगावच्या दारांना तेल घालत हिंडलो,” ते म्हणाले, “आणि...”

“दिव्याखाली अंधार,” काकूंनी पुरं केलं. “उद्या आल्यावर घाला. आज आधी चला, जिना लवकर उतरवत नाही मला.”

काकांनी बॅग एका हातात घेतली आणि दुसरा हात पुढे केला.