अजून न फाटलेलं हिरवं लुगडं

माझ्या विहीणबाईंनी जन्मात माणूस तोंडावरून ओळखला नाही, अंगावरच्या कापडावरून ओळखला. केंदूरमध्ये त्यांच्या गोधड्यांचं नाव होतं, पण त्याहून त्यांच्या नजरेचं भय होतं. लग्नाच्या पंगतीत शेजारणीच्या पदराचा कोपरा चिमटीत धरून त्या सांगत, "बाई, हे फाटलं की माझ्याकडं पाठवा. दुसऱ्या कुनाला दिऊ नका." त्या बाईच्या घशाखाली पुढचा घास उतरत नसे. मयताला गेल्या, की बाकीच्या बाया रडत आणि ह्या तिरडीकडे बघत माझ्या कानाशी लागत, "काय सूत हाय हो धोतराचं! आता जळनार." शिरूरच्या दुकानात एकदा त्यांनी दुकानदाराला अख्खं कपाट खाली काढायला लावलं, एकेक कापड गालाला लावून पाहिलं आणि उठल्या. "समदं कोरं हाय. ह्याला मानसाची सवय न्हाई." तो बिचारा म्हणाला, "आजी, नेसलं की होईल सवय." "मग धा वर्सांनी येते," म्हणाल्या आणि त्याचंच पाणी पिऊन पायरी उतरल्या. लाज मला वाटली, त्यांना नाही.

त्यांचा एक नियम होता. जिवंत माणसाच्या धड कापडाला कात्री लावायची नाही, लावली तर माणसाचं आयुष्य तुटतं. कापड आपसूक फाटलं पाहिजे. गेलेल्या माणसाचं मात्र चालतं, कारण त्याचं तुटायचं ते तुटलेलं असतं. माझं एक हिरवं इरकली लुगडं त्यांनी पंधरा वर्षं राखून ठेवलं होतं, माझ्याच अंगावर. भेटल्या की आधी काठ चाचपत आणि मग कशी आहे विचारत. "विहीनबाई, अजून धडच हाय की हो!" हे अशा सुरात म्हणत, की जणू मी मरत नाही म्हणून त्यांचं काम अडलंय.

"मी मेल्यावर न्या," मी म्हणे.

"तवर माझं डोळं ऱ्हात्याल का?"

नाही राहिले. काचबिंदूने एक डोळा गेला, दुसऱ्याला सगळं धुरासारखं दिसे. त्याच साली माझी मुलगी, म्हणजे त्यांची सून, शिक्रापूरला हायवेवर ट्रकखाली गेली. त्यावर मी जास्त लिहीत नाही. तेराव्याला तिचे कपडे रीतीप्रमाणे वाटून टाकले. एक राणी रंगाची साडी मी कुणाला न सांगता पिशवीत घालून कुरकुंभला माझ्या घरी आणली.

वर्षाने तिच्या मुलीने, आमच्या नातीने, शिक्रापुरात खोली घेतली. ती आणि तिचा नवरा दोघंही कंपनीत, पाळ्या वेगवेगळ्या. ती विहीणबाईंना म्हणाली, "आजी, मला भिंतीवर लावायला फुलांची गोधडी करून दे. घरात आईचं काहीतरी पाहिजे. फोटो लावला की बघवत नाही."

"भितीला थंडी वाजती व्हय गं?" असं म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला केंदूरला बोलावून घेतलं. रंग मी सांगायचा, जागा त्यांनी सांगायची. पिवळं लालाशेजारी नको, दोन्ही भांडखोर, मधी पांढरं बसवा, सासऱ्यावानी. माझ्या जावयाच्या फाटलेल्या निळ्या सदऱ्याचं फूल एका कोपऱ्यात घेतलं, कारण "बायकू गेल्यापासून त्यो कुनाशी बोलत न्हाई, ऱ्हाऊ द्या एकलाच." मग माझ्याकडे हात पसरून म्हणाल्या, "मधलं फूल तिचं. आना."

मी म्हटलं, काही राहिलं नाही.

"राणी रंगाची साडी वाटलेल्यात नव्हती," त्या म्हणाल्या. एवढंच.

मी दौंडच्या बाजारातून तसल्याच रंगाचं कापड घेतलं. धुतलं, चुरगाळलं, चार दिवस उन्हात टाकलं आणि नेऊन त्यांच्या हातात दिलं. रंग त्यांना दिसतच नव्हता. त्यांनी ते गालाला लावलं. "हे कुनी नेसलेलं न्हाई, विहीनबाई." रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या खेपेला खरी साडी नेली. त्यांनी चाचपत पदर शोधला आणि बाजूला सारला. मग दुसरं टोक धरलं, नेसताना सगळ्यात आधी कमरेला खोचतात ते. "पदराला हात लावत न्हाई. हितलं घेते. घडी घातली की तुमाला कळायचं बी न्हाई." वीतभर कापलं. वरची साडी उन्हाने आणि धुण्याने विटून गेली होती. आतल्या टोकाला ऊन कधी लागलंच नव्हतं. दुकानातून आणलं त्या दिवशी होता तसा रंग होता.

"रंग कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"गडद."

"किती गडद?"

"शिवा की आता गप."

फुलं पुरी झाली. देठ आणि पानं राहिली, ती माझ्या हिरव्यातली करायची होती. मी लुगडं पुढं टाकलं आणि म्हटलं, कापा एकदाचं. त्यांनी ते माझ्याच मांडीवर परत ढकललं. "जित्या मानसाचं? एक गेली तेवढं बास झालं. घाई न्हाई. फाटू द्या." पुढच्या थंडीत दोन दिवसांच्या तापाने त्याच गेल्या.

गोधडी नातीच्या भिंतीवर आहे. खिडकीतून ट्रकची धूळ येते, ती झटकत असते. फुलं बिनदेठाची, अधांतरी. ती मागे म्हणाली, "आजी, बाजारातून हिरवं आणून मीच लावू का?" मी नको म्हणाले. ते लुगडं आता मी रोज नेसते. शेतातही तेच. दगडावर आपटून धुते. काट्यावर मात्र वाळत घालत नाही, मुद्दाम फाडलेलं त्यांच्या गालाला कळलं असतं. सकाळी नेसताना काठ चिमटीत धरून बघते. अजून धडच आहे.