डावा समजून घेईन

बाई सायकलवर बसण्याआधी एक हात सीटखाली घालून मागचं चाक अधांतरी उचलायच्या आणि दुसऱ्या हाताने पायडल फिरवून हवा तिथे आणायच्या. मग चाक खाली, टांग वर, आणि बाई गेल्या. तुमच्या-माझ्या सायकलचा पायडल उभ्या उभ्या पायानेच उलटा फिरतो. बाईंच्या सायकलला ती सोय नव्हती. तिचं मागचं चाक आणि पायडल एकमेकांना कायमचे बांधलेले. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरताहेत तोवर पायही. उतारावर पाय सैल सोडून वारा खायची चैन तिच्यावर नाही. तरुणपणी बाई मैदानावरच्या शर्यतींत असलीच सायकल पळवायच्या. पुढे हिंगणघाटच्या एका शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाल्या, तरी सायकल तीच.

दारावरून जाताना मी हाक मारायचो, "बाई, थांबा की, चहा घेऊन जा."

"मी थांबीन जी, पण थे थांबू देईन तं ना!" असं सायकलकडे बोट दाखवत म्हणायच्या, तोवर गल्लीचं वळण आलेलं असायचं.

माझा फिजिओथेरपीचा दवाखाना त्याच गल्लीत. धंदा गुडघ्यांचा, त्यामुळे ती सायकल मला कधीच आवडली नाही. एक दिवस ही बाई हातपाय मोडून घेणार, असं मी बायकोला सांगून ठेवलं होतं. झालं भलतंच. उभ्या आयुष्यात सायकलवरून न पडलेल्या बाई न्हाणीघरात घसरल्या आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, टाके सुकले, पण गुडघा लाकडासारखा ताठ झाला. खुर्चीवर बसल्या तरी एक पाय समोर काढलेला, येणारा-जाणारा त्याला अडखळायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर, जामले कधी जाईन?"

दर रविवारी पहाटे सायकलने जामच्या चौकात जायचं, तिथल्या टपरीवर तर्री-पोहे खायचे आणि उन्हाच्या आत परत यायचं, हा त्यांचा नेम होता. नवरा गेलेला, मुलगा नागपूरला. बाकी आठवडा त्या कशाबशा ढकलत असाव्यात. मी म्हटलं, आधी चालायला तर लागा.

"चालते तं सगळेच," बाई म्हणाल्या.

गुडघा वाकवण्याचं दुखणं काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. मी दाब द्यायचो तेव्हा बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि तोंडाने मात्र कवायत चालू असायची, "एक, दोन, तीन, विश्राम!" मध्येच शेजारच्या टेबलावरच्या पेशंटवर खेकसायच्या, "पाठ सरळ करा!" माझं न ऐकणारे लोक त्यांचं ऐकायचे. त्या असल्या की दवाखान्यात शिस्त असायची, हे मी कबूल करतो.

गुडघा काटकोनापर्यंत आला. पण पायडल वरच्या टोकाला जातो तेव्हा गुडघा त्याहून जास्त वाकावा लागतो. साध्या सायकलवर अर्धा फेरा मारून मागे येता येतं. इथे पूर्ण फेरा, नाहीतर काहीच नाही. मी त्यांना सहज समजावलं, की एक तर गुडघा वाकला पाहिजे, नाहीतर पायाचा फेरा लहान झाला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी बाई भंगारवाल्याकडून लहान पोराच्या सायकलचे क्रँक घेऊन हजर. क्रँक म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला असतो तो लोखंडी दांडा. दांडा आखूड, की फेरा लहान. दुकानदाराने असलं काम करायला साफ नकार दिला होता, म्हणून आम्हीच दवाखान्यामागे बसलो. क्रँक ज्या खिळीने पक्का होतो तिला कॉटर म्हणतात. मी ठोकत होतो, बाई सूचना करत होत्या. उजवा कॉटर मी डाव्याच्याच अंगाने ठोकला आणि दोन्ही पायडल एका रेषेत येईनात. बाईंनी सायकल चार हात चालवून पाहिली.

"डॉक्टर, हे तं दारू पिऊन चालून राह्यली!"

पुन्हा सगळं उघडलं. शेवटी जमलं. उजवीकडे पोराचा आखूड क्रँक, डावीकडे बाईंचा जुना लांब. सायकल गल्लीतून लंगडत निघाली. पोरं हसली, तर बाईंनी थांबून... थांबून कसलं, जाता जाताच सांगितलं, "उजवा बालवाडीत हाय, डावा मॅट्रिक झाला!"

उजवा पुढच्या वर्गात जाईल, या भरवशावर आम्ही दोघंही होतो. त्यांचा जुना उजवा क्रँक मी दवाखान्यात जपून ठेवला. पण गुडघा आणखी थोडा वाकला आणि अडला. मी सगळं करून पाहिलं. लहान-मोठ्या फेऱ्यांनी कंबर भरून यायची, गल्लीबाहेर जाववेना. अखेर एके दिवशी मी टेबलाजवळ स्टूल ओढून बसलो आणि म्हटलं, "बाई, आता एवढाच वाकेल हा."

बाई टेबलावरून उतरल्या. चपला घातल्या आणि गेल्या. शेजारचा पेशंट वाकडा बसला होता, त्यालाही पाठ सरळ करायला सांगितलं नाही. मला फार वाईट वाटलं.

दोन-तीन दिवस आल्या नाहीत. मग एका सकाळी सायकल हाताने ढकलत आल्या. पिशवीत हातोडी होती, आणि त्या पोराच्या जोडीतला डावा क्रँक.

"डावा काढा."

"डाव्याला काय झालं? तो तर चांगला आहे."

"चांगला हाय म्हणूनच तं म्हणून राह्यली. उजव्याले आता मोठं होता येत नाई. डावा समजून घेईन त्याले."

मी हातोडी हातात घेतली. महिनोन्महिने मी त्या उजव्या गुडघ्याशी झुंजत होतो, आणि धडधाकट पायाला काही मागावं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. या वेळी कॉटर एकदाच ठोकावा लागला.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. गुडघ्याने नाही, चार दिवसांच्या तापाने. मधले दोन हिवाळे एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. तुम्ही त्या बाजूला राहत असाल, तर धुक्यात सर्व्हिस रोडच्या कडेने जाताना त्यांना पाहिलंही असेल. मला मात्र तो पहिला रविवार आठवतो. काळजीपोटी मी स्कूटर घेऊन मागोमाग निघालो होतो. दोन्हीकडे तूर उभी, हायवेवरून ट्रक धडधडत चाललेले. जामच्या अलीकडे उतार लागला आणि सायकलने वेग घेतला. आखूड क्रँकवर बाईंचे पाय इतके भरभर फिरू लागले, की डावा कुठला आणि उजवा कुठला ते मला ओळखू येईना.

"बाई, सावकाश!" मी ओरडलो.

"तुम्ही मांगंच राहा जी," त्या हसत ओरडल्या, "मले पाहून हसान तं मी पडन!"

मी मागेच राहिलो. हसत मात्र नव्हतो.