चेक केलं, ओके

आमच्या तंत्रशाळेत भाषेचा तास जेवणानंतर असायचा आणि तो कशासाठी असतो हे सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या बाकांवरचे डोळे उघडे ठेवून झोपायचे, मागचे तेवढेही कष्ट घेत नसत. मी 'माझा आवडता छंद' शिकवायचे. वायरमन, फिटर, लिफ्ट मेकॅनिक होऊ घातलेली वीस-बावीस वर्षांची माणसं माझ्याकडे अशी बघायची की मलाच माझी कीव यायची. खोटं कशाला बोलू, सहा वर्षं मी नुसत्या पाट्या टाकल्या.

मग एका दुपारी लिफ्ट विभागाचे मास्तर माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस, खिशाला टेस्टर आणि कपाळावर कायमची आठी. मुलं त्यांना पाठीमागे 'ओके मास्तर' म्हणायची, कारण तो शब्द कानावर पडला की त्यांचं टाळकं सरकायचं. पेंगणाऱ्या वर्गावर एकदा नजर फिरवून ते म्हणाले, "बाई, उद्यापासून लिफ्टवाल्यांचा तुमचा तास माझ्या शेडमध्ये घ्या."

"शेडमध्ये? मला लिफ्टमधलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच तर तुम्ही हव्यात."

मला वाटलं, हा माणूस चारचौघांत माझी टिंगल करतोय. दुसऱ्या दिवशी मी गेले ती भांडायच्या तयारीने.

शेडमध्ये तीन मजली लोखंडी सांगाडा होता आणि त्यात शिकवण्यासाठी बसवलेली खरीखुरी लिफ्ट. प्रत्येक मजल्याला दार, बाजूने शिडी, खाली कंट्रोलची पेटी, तिच्यात रिले, म्हणजे आपोआप उघडमिट होणारे विजेचे खटके. मास्तरांनी मला ग्रीसचे डाग पडलेल्या टेबलापाशी बसवलं आणि कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. ही जॉबशीट. काम करणाऱ्याने बिघाड काय होता, काय केलं आणि काय राहिलं ते लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस तिथून काम उचलतो. मी एक कागद वाचला. 'चेक केलं. ओके.' दुसरा वाचला. 'चेक केलं. ओके.' चाळीसच्या चाळीस कागदांवर तेच.

"काय कळलं?" मास्तरांनी विचारलं.

"काहीच नाही."

"उद्या सकाळी जो लिफ्टवर येईल त्यालाही एवढंच कळेल." मग हातातला स्क्रू फिरवत, माझ्याकडे न बघता, त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली.

एकोणीस वर्षांपूर्वी ते आणि त्यांचा मोठा भाऊ एकाच लिफ्ट कंपनीत होते. लिफ्टच्या प्रत्येक दाराला एक कुलूप असतं. सगळी कुलपं लागल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही. बिघाड नेमका कुठल्या दारात आहे हे शोधायचं असलं की मेकॅनिक त्या कुलपाला बाहेरून वायरचा तुकडा जोडतो. त्याला जंपर म्हणतात. जंपर लावला की दार उघडं असलं तरी लिफ्टला ते बंदच वाटतं. काम झालं की तो काढायचा असतो. त्या दिवशी पाळी संपत आली होती, मास्तरांनी जंपर तसाच ठेवला, सकाळी आल्यावर काढू म्हणाले, आणि शीटवर लिहिलं, चेक केलं, ओके. सकाळी त्यांच्याआधी भाऊ पोचला. शीट वाचली, दार उघडलं, एक पाय आत टाकला, आणि वरून कोणीतरी बटण दाबलं.

"दादाचा पाय गुडघ्यापासून गेला," मास्तर म्हणाले. "अक्षर माझं होतं. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कोणी नाही."

मी भांडण विसरले. दुसऱ्या दिवसापासून माझा तास शेडमध्ये भरू लागला.

आमची पद्धत साधी होती. एकाने लिफ्टवर काम करायचं, शीट लिहायची आणि बाहेर जाऊन बसायचं. ती शीट मी मोठ्याने वाचायची आणि त्यात लिहिलंय तेवढंच करायचं. 'वरचं नीट केलं' असं असेल तर मी शिडी चढून छताकडे बोट दाखवत विचारायची, "वरचं म्हणजे हे का?" पोरं हसून लोळायची. मग लिहिणाऱ्याला लाज वाटायची आणि तो 'दुसऱ्या मजल्याच्या दाराचं वरचं कुलूप' असं लिहायला शिकायचा. लिफ्टसोबत आलेली जाडजूड पुस्तकं वर्षानुवर्षं प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात पडली होती. आम्ही ते प्लास्टिक फाडलं. एक ओळ वाचायची आणि लगेच ती वस्तू हाताने दाखवायची. ज्यांना निबंधाचं पान जड जात होतं ते कंट्रोलच्या पेटीचं प्रकरण तासभर वाचत बसले. मी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही, पण मला फार बरं वाटलं.

फक्त एक मुलगी बधत नव्हती, आणि ती मास्तरांची सख्खी पुतणी होती. त्याच दादाची मुलगी. सगळे तिला 'पक्कड' म्हणत, कारण तिच्या हातात कायम पक्कड असायची आणि एकदा धरलेली गोष्ट ती सोडत नसे. हाताला कसब होतं आणि नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायची. शीटवर मात्र चेक केलं, ओके.

"काम बघा ना बाई," ती म्हणायची. "कागद काय बघता? काम बोलतं."

"तू घरी गेल्यावर ते कोणाशी बोलणार?" मी विचारायची. ती खांदे उडवायची.

एका मोठ्या कंपनीचं तिला पत्र आलं. एक तारखेला रुजू व्हायचं आणि येताना मास्तरांच्या सहीचा दाखला आणायचा. मास्तरांनी चाचणी घेतली. चाळीस मिनिटं, एक लपवलेला बिघाड, आणि मग तिची शीट वाचून दुसऱ्या कोणीतरी काम पुढे न्यायचं. तिने वीस मिनिटांत बिघाड काढला आणि शीटवर तेच तीन शब्द लिहिले. मास्तरांनी सही केली नाही. आठवड्याने पुन्हा चाचणी झाली आणि पुन्हा तेच झालं. एक तारीख आता नऊ दिवसांवर होती.

तिसऱ्या दिवशी पक्कडची आई, म्हणजे मास्तरांच्या वहिनी, शेडमध्ये आल्या. सडपातळ बाई, आवाज मात्र सांगाड्याच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा.

"भावजी, हे काय चाललंय? सगळ्या शेडमध्ये हिच्याइतका हात कोणाचा आहे का? आणि तुम्ही दोन ओळींसाठी पोरीचं नशीब अडवून बसलात?"

"दोन ओळींसाठीच, वहिनी."

"परक्याने केलं असतं तर समजलं असतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! तुमच्या दादाची नोकरी गेली तेव्हापासून मी घर ओढतेय. आता कुठे हातभार लागायची वेळ आली."

मास्तरांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हा माणूस विरघळणार, आणि खरं सांगायचं तर त्याने विरघळावं असं मलाही वाटत होतं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही मला हाक मारणं सोडलंत तरी चालेल. पण माझ्या सहीने ती लिफ्टवर जाणार असेल तर तिच्यामागून येणाऱ्याचे दोन्ही पाय शाबूत राहायला हवेत."

वहिनींनी पदर सावरला आणि निघून गेल्या. पक्कड पेटीमागे उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी तास संपल्यावर ती पहिल्यांदा माझ्यापाशी येऊन बसली.

"बाई, मला लिहिता येत नाही असं नाही," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "काय राहिलं ते लिहायचं म्हणजे मी कच्ची आहे असं स्वतःच्या हाताने कबूल करायचं. इथे मी एकटी मुलगी. एक चूक दिसली की सगळे म्हणणार, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?"

मी तिला शहाणपण शिकवलं नाही. एवढंच विचारलं, "तुझ्या बाबांनी त्या सकाळी शीट वाचली, तेव्हा त्यांना काय लिहिलेलं हवं होतं असं तुला वाटतं?" ती पक्कड उघडत-मिटत बसली आणि मग उठून गेली.

तिसरी चाचणी महिन्याच्या शेवटच्या दिवशी होती. वहिनी आल्या आणि त्यांच्यासोबत, कुबडी टेकत, दादाही आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. एकोणीस वर्षांत ते कुठल्याही लिफ्टजवळ गेले नव्हते. मी त्यांना दाराशी स्टूल दिलं. मास्तरांनी मोठ्या भावाला बघितलं, मान खाली घातली आणि घंटी वाजवली.

या वेळी मास्तरांनी बिघाड अवघड ठिकाणी लपवला होता. पक्कड वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. पंचवीस मिनिटं झाली, तीस झाली. दुसऱ्या मजल्याच्या कुलपाला तिने निळ्या वायरचा जंपर लावला, तिथे काही सापडलं नाही, मग धावत पेटीकडे आली आणि झाकण उघडून आत डोकं घातलं. अडतिसाव्या मिनिटाला तिच्या तोंडून "सापडला!" निघालं. बिघाड दुरुस्त झाला आणि घंटी वाजली. घंटीनंतर शिडीला हात लावायचा नाही असा नियम.

तिने वर बघितलं. निळी वायर काढायला ती परत वर गेलीच नव्हती. खाली उभ्या असलेल्या कोणाला ती वायर दिसत नव्हती. मी तिला कागद दिला. ती लिहीत होती, खोडत होती, परत लिहीत होती. मग कागद टेबलावर ठेवून भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

नेहमी शीट दुसरा विद्यार्थी उचलायचा. त्या दिवशी मास्तरांनी स्वतः उचलली. वाचली. मग मेन स्विच बंद केला, शिडी चढले, दुसऱ्या मजल्यावर हात आत घातला आणि निळी वायर काढून आणली. खाली आल्यावर ती शीट त्यांनी दादांच्या हातात दिली.

दादांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "पेटीतला तिसरा रिले खराब होता, बदलला. दुसऱ्या मजल्याच्या दाराला निळा जंपर लावला आहे. तो काढायचा राहिला. माझी चूक आहे. तो काढेपर्यंत लिफ्ट चालवू नका, दारात पाय टाकू नका."

वहिनींनी तोंडाला पदर लावला.

"अक्षर घाणेरडं आहे," दादा म्हणाले. "काकावर गेलीय." मग त्यांनी मुलीला विचारलं, "एवढं लिहायला किती वेळ लागला गं?"

"दोन मिनिटं, बाबा. खोडाखोड झाली, नाहीतर एकच."

"एकच मिनिट," दादा म्हणाले. ते भावाकडे बघत होते आणि मास्तर भिंतीकडे. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. दादांनी कुबडीच्या टोकाने त्यांच्या बुटाला टोचलं. "अरे, ऐकतोस ना? रडतोस काय? उद्या एक तारीख आहे. सही कर पोरीच्या कागदावर."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं. दाखल्यावर शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तिथे आम्ही सगळे शिक्षक 'समाधानकारक' लिहून मोकळे होतो. मास्तरांनी सही केली आणि रकान्यात लिहिलं, 'काम राहिलं तर राहिलं असं लिहिते.'