कऱ्हेकाठचा गोल

आमच्या गोव्यातून इकडे यायचं तर कॅसलरॉकच्या जकातनाक्यावर पेटी उघडून दाखवावी लागे. तिकडे राज्य पोर्तुगिजांचं, इकडे इंग्रजांचं. त्यामुळे बेळगाव काय नि इंदापूर काय, आम्हांला सगळा परमुलूखच. मराठी पाचवी मी अर्ध्यावर सोडलेली. हाताला कसब नव्हतं; पायाला होतं, तेही बेताचंच. त्याच्या जोरावर आधी बेळगावला, मग हुबळीला फॉरवर्ड म्हणून खेळलो. संघ मोडला की वळकटी उचलायची आणि दुसरं गाव शोधायचं.

असा शोधत शोधत लासुर्ण्याच्या बाजूला आलो. तिथं नवा साखर कारखाना उभा राहिला होता आणि तिथल्या इंजिनियर साहेबांना फुटबॉलचं वेड होतं. दिवसा गाळपाच्या यंत्रांना तेल घालायचं, संध्याकाळी चेंडू मारायचा, अशी माझी नेमणूक झाली. पण नेमणूक हंगामी. उसाचं गाळप संपलं की हंगामी माणसं घरी जाणार. फाल्गुन लागल्यावर एकदा तेलाचा डबा हातात असतानाच मी साहेबांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "एकाला कायम ठेवायचं मनात आहे. बारामतीची मॅच होऊ दे, मग बघू."

त्या 'मग बघू'नं माझं अन्न गोड लागेना. घरी आई आणि दोन लहान भावंडं. आणि खरं सांगायचं तर वळकटी उचलून मीही कंटाळलो होतो. त्यात संक्रांतीपासून माझ्या पायाला गोल म्हणून लागला नव्हता.

राहायला मी लासुर्ण्यातल्या एका बागाईतदार आबांच्या सोप्यात होतो. आबा जुने पैलवान. कान मोडलेले, मान बैलासारखी. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'कोकण्या' म्हणायला सुरुवात केली. मला भाकरी थापलेली बघायचीही सवय नव्हती, पण त्यांच्या घरच्यांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही, की सोप्यातून हलायला सांगितलं नाही. आबांनी तोवर फुटबॉल पाहिला नव्हता. मॅचचं कळल्यावर म्हणाले, "आमी बी येतो. आमचा गडी उतरणार आन् आमी हितं बसायचं व्हय?"

आले ते दोन बैलगाड्या भरून. बरोबर हलगी, गुलाल आणि एक कोरा फेटा. मॅच होती बारामतीला, कऱ्हा नदीच्या काठी, जत्रेत कुस्त्या होतात त्याच मोकळ्या जागेत. पंच म्हणून बारामतीच्या शाळेतले एक मास्तर. आम्ही सगळे अनवाणी, घोट्याला पट्ट्या बांधलेल्या. पूर्वार्ध कोराच गेला. पलीकडं खुर्चीवर साहेब बसले होते, आणि माझं निम्मं लक्ष त्या खुर्चीकडं.

उत्तरार्ध नुकताच सुरू झाला होता. आमच्या डाव्या बाजूच्या फिटरनं चेंडू आत टाकला, माझ्या नडगीला लागला आणि गोलकीपरच्या हाताखालून गेला. सुंदर नव्हता, पण गोल होता. मला रडूच येणार होतं. एवढ्यात हलगी कडाडली. आबा आणि चार-पाच गडी मैदानात घुसले. काय होतंय ते कळायच्या आत मी आबांच्या खांद्यावर, तोंडभर गुलाल, डोक्याला फेटा गुंडाळलेला, आणि मिरवणूक मारुतीच्या देवळाकडं निघालेली!

"आबा, सोडा मला! खेळ चालू आहे!"

"चालू कसला? चितपट केलंस की!"

"अजून निम्मा खेळ शिल्लक आहे, आबा!"

"आरं, पडलेल्या गड्यानं पुन्यांदा उठून झोंबायचं? ही कुठली रीत?"

"यात तसंच असतं!"

"मंग ह्यो खेळ काय खरा न्हाय," आबा म्हणाले आणि चालतच राहिले. मागून एकजण ओरडला, "कोकण्या, लाजू नगंस, नारळ फोडून येऊ!"

मास्तरांनी शिट्टी मारून खेळ पुन्हा सुरू केला होता. आबांच्या खांद्यावरून मला सगळं मैदान दिसत होतं. आमचे दहाजण, आणि माझ्या रिकाम्या जागेतून बारामतीवाले सरळ घुसलेले. त्यांनी बरोबरी केली तीही मी खांद्यावरूनच पाहिली. मग मात्र मी आबांचे मोडके कान दोन्ही हातांनी धरले. "आबा, साहेब बघतायत. माझी नोकरी जाईल हो!"

आबा जागच्या जागी थांबले. हलगीही थांबली.

"नोकरी? जिंकल्यावर नोकरी जाती?"

"मी तिथं नसलो तर जाते."

त्यांनी मला अलगद खाली ठेवलं. एवढ्या मोठ्या माणसाचं तोंड एकदम पडलं होतं. बोलायला वेळ नव्हता. मी पळालो. फेटा सुटून मागं लोळत येत होता. मास्तरांनी कडेला अडवून तो काढायला लावला. उरलेला वेळ मी असेल नसेल ते सगळं घालून पळालो, पण दुसरा गोल काही झाला नाही. मॅच बरोबरीत सुटली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. माझ्या केसांत अजून गुलाल होता.

"काल कुठं चालला होतास?"

"साहेब, मारुतीला."

ते हसले नाहीत. म्हणाले, "तुझा गोल काही विशेष नव्हता. पण खांद्यावरून उतरून धावत परत आलास. लोकांनी उचललेला माणूस सहसा इतक्या लवकर उतरत नाही. हंगाम संपला की यंत्रं खोलून साफ करायची असतात. त्या कामावर थांब. पुढं कायमचं."

मी परत जाऊन तेलाचा डबा उचलला.

संध्याकाळी लासुर्ण्याला पोचलो, तर आबा अंगणात एकटेच बसलेले. आदल्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नव्हते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "जातूस व्हय?"

"न्हाय, आबा. राहतोय."

त्यांनी नाक शिंकरलं, खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले आणि घरात तोंड करून मोठ्यांदा म्हणाले, "आगं, कोकण्याचं ताट वाढ. आन् भात हाय का बघ थोडा. त्येला भाकरी न्हाय धकत."