राजधानी आणि म्हशीचं दूध

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन पन्नास वर्षं होत आली, तरी आमच्या वडिलांच्या लेखी राजधानी इथंच होती. मुंबईकडं ती नुसती सांभाळायला दिली होती. बहिणीचे मुंबईचे सासरे पहिल्यांदा घरी आले, तेव्हा वडिलांनी त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही. संध्याकाळी व्याह्यांना आणि मला घेऊन, वाटेत राजधानीचं हे सगळं ऐकवत, ते थेट गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेले. तिथं म्हशी ओळीनं उभ्या असतात आणि गवळी समोर धार काढून फेसाळता पेला हातात देतो.

व्याह्यांनी पेल्यात डोकावून विचारलं, "तापवलेलं नाही?"

"पावणं, म्हशीनं तापवूनच दिलंय की!" गवळी एवढ्या मोठ्यानं ओरडला, की सगळा कट्टा वळून बघायला लागला. व्याह्यांनी लाजेकाजेस्तव पेला तोंडाला लावला. मग दुसरा मागितला. तिसरा रिकामा करून मिशीवरचा फेस पुसत म्हणाले, "पटलं बुवा. घेऊन या तुमची राजधानी परत."

वडील पहिल्यांदाच विचारात पडले.

"नगं," ते म्हणाले, "तिच्यामागनं समदी मुंबई हितं येईल. म्हशी किती हाईत, बघताय न्हवं?"