बैलगाडीच्या आसाची चावी

तांड्यावरच्या बालवाडीत मला नोकरी लागली तेव्हा घरात आनंद झाला, पण रोज जायचं कसं हा प्रश्न होताच. पोलिओनं लहानपणीच माझा उजवा पाय गेलेला. आम्ही हळ्ळीखेडात राहायचो. सुरुवातीला थोरला भाऊ, आमचा अण्णा, मला सायकलवर सोडायचा. मग त्याला आमच्याच भागातल्या कोळारच्या कारखान्यात काम मिळालं आणि तो पहाटेच घर सोडायला लागला. मी नोकरी सोडते म्हणाले. पुढच्या सुटीला अण्णा भंगारातून एक छोटं पेट्रोल इंजिन आणि मोपेडचा जुना क्लच घेऊन आला.

तीनचाकी सांगाडा लोहारानं जोडून दिला. अडलं ते क्लचपाशी. त्याचं भोक मोठं, इंजिनाचा फिरता दांडा, क्रँकशाफ्ट, बारीक. अण्णानं चीर पाडलेला पाइपाचा तुकडा मधे बसवला. दांडा आणि क्लच बरोबर फिरावेत म्हणून दोन्हींमधल्या खाचेत चावी, म्हणजे लोखंडाची छोटी पट्टी, लागते. तिच्या जागी त्यानं खिळा ठोकला. इंजिन धडधडलं, अंगणभर धूर झाला, गाडी मात्र जागची हलली नाही. खोलून पाहिलं तर खिळा कापून गेला होता.

घरामागं जुन्या बैलगाडीचा आस पडला होता. अण्णानं त्याचा तुकडा कापून कानस माझ्या हातात दिली.

"तूच घास. मला कारखान्यातून वेळ कुठं हाय?"

मी रजा काढून अंगणात घासत बसले. जरा जास्त घासलं की चावी ढिली, कमी घासलं की खाचेत जात नाही. पहिला तुकडा वाया गेला. तळहाताला फोड आले. अशा हातांच्या मुलीला कोण करून घेईल, असं आई पुटपुटायची आणि रात्री माझ्या तळहातांना खोबरेल लावायची.

दुसरी चावी नेमकी बसली. गाडी वेशीपर्यंत गेली, तेवढ्यात शाफ्टच्या टोकाचा बोल्ट सैल होऊन क्लच बाहेर सरकला. अण्णानं तेलाच्या डब्याचा पत्रा दुपदरी करून बोल्टखाली घातला आणि त्याची कड बोल्टच्या डोक्यावर वाकवली. त्यानंतर बोल्ट हलला नाही.

मी त्याला मागं बसायला सांगितलं. भीती वाटत होती.

"मी रोज संगं हाय का? एकटीच जा," तो म्हणाला.

मी गेले. तांड्यावरची पोरं गाडीमागं धावली, शिकवणं दुपारपर्यंत सुरूच झालं नाही. परतताना नेहमीचा रस्ता सोडून मी उसाच्या मळ्यांकडून लांबच्या वाटेनं आले. तोवर मला कुठून न्यायचं ते दुसरेच ठरवायचे. घरी पोचले तर अण्णा दारात उभा होता. उशीर कामून झाला, असं त्यानं विचारलं नाही. खाली बसून त्यानं बोल्टला हात लावून पाहिला आणि हात धुवायला गेला.